मुरलेलं नाक

संशोधन आणि विकास विभागाचं दार ढकलायचं की ओढायचं, याबद्दल खुद्द त्या विभागातच एकमत नव्हतं. दारावर 'ढकला' अशी पाटी होती आणि ओढल्याशिवाय ते उघडत नसे. पहिल्या दिवशी मुलीने पाटी वाचून दार ढकललं, मग खांदा लावून ढकललं, आणि आता दोन पावलं मागे जाऊन धावत यावं की काय असा विचार करत होती, तेवढ्यात आतून एका बाईंनी ते उघडलं. दार तिच्या नाकावर आदळता आदळता राहिलं.

"कॉलेजातून आलीस ना?" बाई म्हणाल्या. "वाटलंच. वाचता येणारी माणसं इथेच अडकतात. ये, आत ये."

मुलगी आत गेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कारखाना गोंदाचा होता. लाकडाला लाकूड चिकटवणारा, डब्यातून मिळणारा पातळसर पिवळा गोंद. त्याचा वास फाटकापासूनच सोबतीला आला होता, पण या खोलीत त्याला वास म्हणावं असं काही उरलं नव्हतं. ती भिंत होती. टेकून उभं राहता आलं असतं. आणि बाई त्या भिंतीच्या आत बसून बशीतून चहा पीत होत्या.

"रडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी घरची आठवण येतेच."

मुलीचं शेवटचं वर्ष होतं. एक सत्र एखाद्या कारखान्यात काढून तिथला शेरा आणल्याशिवाय पदवी मिळत नाही, असा कॉलेजचा नियम होता. वर्गातल्या बाकीच्यांच्या वाट्याला साबणाची वेष्टणं नि रंगाचे डबे आले. हिच्या वाट्याला संशोधन आलं. तिच्या आईने ही बातमी जिन्यात भेटेल त्याला सांगितली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर मुलगी आता कुठल्यातरी असाध्य रोगावर औषध शोधणार असं परस्पर ठरवून टाकलं आणि आपल्या संधिवाताचाही विचार व्हावा अशी विनंती केली.

नाक मात्र मुलीकडे खरोखरच होतं. दिसायला बेताचंच, पण कामाला एक नंबर. दादा तिला श्वानपथक म्हणायचा. त्याने रस्त्याच्या टोकाला सिगरेट ओढून, वर पेपरमिंट चघळून, तोंड धुऊन घरात पाऊल टाकलं तरी आतल्या खोलीतून आवाज यायचा, "दोन ओढल्यास!" आई घरी पडदे शिवायची. दूध गॅसवर ठेवून ती मशीनवर बसली की तिला जगाचा विसर पडे. पण दूध उतू जाण्याआधी त्याचा वास किंचित बदलतो, तो मुलीला कुठूनही कळायचा. "आई, दूध!" अशी आरोळी आली की आई उठायची. मुलीला कळायला लागल्यापासून त्या घरात दूध कधी करपलं नव्हतं, आणि गॅसपाशी उभं राहायची सवय आईने केव्हाच सोडून दिली होती.

विभागाच्या प्रमुखांना सगळे डॉक्टर म्हणत. चिकटपणा या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती आणि विषयाशी ते आयुष्यभर इमान राखून होते. एकदा त्या खुर्चीत बसले ते बसलेच. फाटकावरचा पहारेकरी त्यांना गुडघेदुखीवर गोळी विचारायचा आणि डॉक्टर ती सांगायचेही.

गेली काही वर्षं विभागात एकच संशोधन चाललं होतं. गोंदाचा वास घालवायचा. हा गोंद शाळेच्या बाकांना लागे, इस्पितळातल्या कपाटांना लागे, तान्ह्या मुलांच्या पाळण्यांना लागे, आणि त्याच्या वासाने डोकं उठतं अशा तक्रारी येत होत्या. उपाय दोन होते. गोंद बदलायचा, नाहीतर गोंद विकणं बंद करायचं. डॉक्टरांनी तिसरा उपाय शोधून काढला होता, आणि आपण तो शोधला आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वास मोजायचं काम एका समितीकडे होतं. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, तोंडी ते नाकमंडळ. प्लायच्या तुकड्याला गोंद फासायचा, तो काचेच्या बरणीत ठेवायचा, बरणी कोमट करायची, झाकण उघडायचं आणि एकेकाने हुंगून आकडा सांगायचा. वास नसला तर शून्य, असह्य असला तर पाच. मंडळात तिघं होती. दार उघडणाऱ्या त्या बाई. उभ्या नोकरीत त्यांनी शून्याखेरीज दुसरा आकडा उच्चारला नव्हता, म्हणून त्यांना शून्यबाई म्हणत. दुसरे स्टोअरवाले काका. तिसरा मिश्रण-खोलीत दिवसभर गोंदाची पिंपं ढवळणारा कामगार, त्याचं नाव ओघानेच ढवळ्या पडलं होतं. चौथं नाक आता मुलीचं.

पहिली बरणी उघडली.

"शून्य," शून्यबाई म्हणाल्या.

"शून्य," स्टोअरवाले काका म्हणाले.

"शून्यच की," ढवळ्या म्हणाला.

बरणी मुलीपुढे आली. ती मागे सरकली, सरकताना तिची खुर्ची पडली. "पाच," ती खोकत म्हणाली.

"पाच?" डॉक्टरांनी विचारलं.

"पट्टी पाचपर्यंतच आहे म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावणं हे संशोधकाचं काम नव्हे, असं ते मानत. त्यांनी तिला केबिनमध्ये नेलं आणि समजावलं. "समज, चार वजनकाटे आहेत. तीन काटे एक वजन सांगतात, चौथा भलतंच सांगतो. आपण काय करतो?"

"चौथा दुरुस्त करतो."

"शाब्बास. तुझं नाक दुरुस्त करायला हवं. घाबरू नकोस, कापायचं नाहीये. मुरवायचं आहे."

ही त्या विभागाची पद्धत होती. नवं नाक आलं की ते लगेच वापरायचं नाही. रोज जेवणाआधीचा अर्धा दिवस त्याला मिश्रण-खोलीत, उघड्या पिंपांपाशी बसवायचं. अधूनमधून मंडळासमोर आणून बरणी हुंगवायची. आकडा पाचावरून चारावर येतो, चारावरून दोनावर येतो, आणि ज्या दिवशी तो बाकीच्यांच्या आकड्याशी जुळतो त्या दिवशी नाक मुरलं असं समजायचं. तोवर त्या नाकाचं मत धरायचं नाही. ही पद्धत इतकी शिस्तीत पाळली जात होती की गेल्या कित्येक वर्षांत मंडळात मतभेद म्हणून झाला नव्हता.

मुलगी मिश्रण-खोलीत जाऊन बसली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत पंख्याचं गोल भोक होतं, त्यावर प्लायचा तुकडा याच गोंदाने चिकटवलेला होता. पंखा डॉक्टरांच्या केबिनमध्ये होता. त्यांच्या सिगरेटचा धूर बाहेर जावा म्हणून. "गंधहीन गोंदाला पंखा कशाला?" ढवळ्याने तिला विचारलं. दुसऱ्या दिवशी ती तोंडाला मास्क बांधून आली. डॉक्टरांनी तो हळुवारपणे काढायला लावला. पाहणीला आलेल्या गिऱ्हाइकाने, वास नसलेल्या गोंदाच्या खोलीत मास्क बांधलेली मुलगी पाहिली तर त्याने काय समजायचं?

ढवळ्या स्वभावाने गमत्या होता. डबा तिथेच पिंपाशेजारी उघडायचा, वर मिरचीपुडीची डबी पालथी करायचा. "बायकोच्या हाताची चव गेली," तो सांगायचा. "लग्न झालं तेव्हा बोटं चाटायचो. आता माती खाल्ल्यासारखं लागतं. किती भांडलो तिच्याशी, पण तिला काही येईना. शेवटी सोडून दिलं."

"तिला?"

"भांडण गं. ती कशाला जातेय!"

पंधरवडा गेला असेल, तेव्हा उंदीर मेला.

तो नमुन्यांच्या कपाटामागे मेला. पाण्याचे जार आणणारा माणूस दारापर्यंत आला, जार तिथेच टेकवून पळाला आणि त्यानंतर जिन्याच्या वर चढलाच नाही. हिशेबखात्यातला कारकून सही घ्यायला आला, त्याने उंबऱ्याबाहेरूनच कागद आत सरकवला. मंडळ कपाटाला पाठ टेकून डबे खात होतं.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "कपाटामागे उंदीर मेलाय."

"कशावरून?"

"वासावरून."

"हे तुझं मत झालं. आपण इथे मोजमापावर चालतो." आणि डॉक्टरांनी मंडळाला कपाटासमोर रांगेत उभं केलं.

"शून्य," शून्यबाई म्हणाल्या.

"शून्य," ढवळ्या म्हणाला.

स्टोअरवाले काका जरा वाकले, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. "शून्य. पण जरा जास्तच शून्य."

"पाच," मुलगी नाक धरून म्हणाली.

"तीन विरुद्ध एक, आणि तो एक न मुरलेला," डॉक्टर म्हणाले. "उंदीर नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा लायटर कपाटामागे पडला म्हणून कपाट सरकवलं, तर विज्ञानाने नाकारलेला तो उंदीर तिथे होता. बऱ्यापैकी मोठा होता. डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. उंदीर आहे हे सिद्ध झालं होतं. त्याला वास नाही हेही कालच सिद्ध झालं होतं. आणि कपाटात काय होतं? गोंदाच्या बरण्या. पुढच्या आठवड्यात डब्यावरचं लेबल बदललं. 'गंधहीन'च्या खाली 'आसपासची दुर्गंधीही शोषून घेतो' अशी ओळ आली, आणि बाजूला पाळण्यात हसणारं बाळ.

घरी हे सांगताना मुलीची हसून हसून पुरेवाट झाली. दादाही हसला. मग त्याने सहज विचारलं, "पण काय गं श्वानपथक, त्या सगळ्यांची नाकं गेली कशी?"

आणि ती हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने शून्यबाईंना गाठलं. "बाई, खरं सांगा. तुम्हाला कशाचाच वास येत नाही?"

"सर्दी आहे," शून्यबाई म्हणाल्या. "जुनी."

"किती जुनी?"

"लेकीच्या लग्नाच्या आधीची." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. विणलेली एवढीशी टोपी. "लेक परगावी असते. नातू झालाय. मागच्या खेपेला त्याच्या डोक्यावरची काढून आणली. सगळ्या बायका म्हणतात, बाळाच्या टाळूला वास असतो म्हणून. मी घरभर त्याला घेऊन हिंडले गं, नाक लावून लावून त्याला रडवलं." त्यांनी टोपी पुढे केली. "तू बघ. कसा आहे?"

मुलीने डोळे मिटून टोपी नाकाशी धरली. गोंदाच्या भिंतीला त्या टोपीएवढं एक भोक पडलं.

"दूध," ती म्हणाली. "थोडं आंबट झालेलं. तेल लावता का त्याला? तेल. उन्हात वाळलेलं फडकं. आणि त्याच्याखाली काहीतरी ऊबदार आहे… झोपेचा वास."

"झोपेला वास असतो?"

"ह्याच्या झोपेला आहे."

शून्यबाईंनी टोपी परत घडी करून रुमालात ठेवली. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुझं नाक घेऊन निघ इथून."

"आणि शेरा? तो नाही मिळाला तर वर्ष जाईल."

"तेच ना. मलाही तेव्हा कायम व्हायचं होतं."

मुलीने कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सर तिचे मार्गदर्शक होते. म्हणजे, फोन उचलत. तिने सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघ," ते म्हणाले, "मोठ्या मिनतवारीने त्या कंपनीने आपले विद्यार्थी घ्यायचं कबूल केलंय. तू मध्येच सोडलंस तर पुढच्या वर्षीच्या मुलांचं काय? काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे. नाक काय कुठे पळून जातंय?"

फोन ठेवून ती विचार करत बसली. आकडा जुळला की नाक मुरलं, आणि मुरलं की मिश्रण-खोलीत बसायचं कारणच उरत नाही. वास येतोय हे खरं बोलत राहिलं तर नाक जाणार. तेव्हा खोटं बोलून नाक वाचवायचं. आयुष्यात प्रथमच तिला आपण संशोधन करतोय असं वाटलं.

पुढच्या बरणीला तिने श्वास रोखून धरला, पापण्यांत आलेलं पाणी आत ढकललं आणि म्हणाली, "शून्य."

डॉक्टर खुर्चीतून उठले. हे क्वचित घडे. "इतक्या लवकर मुरलेलं नाक मी पाहिलेलं नाही!" त्यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला. शून्यबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं शून्य जरा उशिरा आलं.

त्याच आठवड्यात ढवळ्या चक्कर येऊन पिंपाशेजारी पडला. दोष बायकोच्या स्वयंपाकाचा आहे असं निदान डॉक्टरांनी केलं आणि त्याला घरी, त्याच स्वयंपाकावर, विश्रांतीसाठी पाठवलं. मग त्यांनी मुलीला बोलावलं. "असं नाक नुसतं बसवून ठेवणं बरं नाही. उद्यापासून मिश्रण-खोली तुझी. पूर्ण दिवस."

"पण मी तर मुरले ना, डॉक्टर?"

"म्हणून तर! न मुरलेल्या माणसाला त्या खोलीत दिवसभर ठेवणं अमानुष होईल."

आता तिला खरं सांगायचं होतं. पण खरं काय सांगणार? प्रयोगात मुद्दाम खोटा आकडा दिला, हे? त्यासाठी कॉलेजच्या नियमावलीत वेगळं कलम होतं, आणि ते मुलीला प्रवेशाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती मिश्रण-खोलीत गेली आणि ढवळायला लागली.

नाक जातं तेव्हा आवाज होत नाही. दात पडला तर हातात येतो, केस गेले तर कंगव्यात दिसतात. नाकाचं तसं नाही. एका सकाळी तिला साबण बदललाय असं वाटलं. साबण तोच होता. बसमध्ये गर्दी कमी वाटायला लागली, कारण माणसं दिसत होती पण नाकापर्यंत येत नव्हती. चहा म्हणजे गरम पाणी झालं. ती आईवर चिडली, "साखरेशिवाय काही घालत नाहीस का यात?" आणि बोलता बोलताच तिला ढवळ्याची बायको आठवली.

दादाने एक दिवस बाहेर सिगरेट ओढली आणि बिनधास्त घरात आला. श्वानपथक गप्प. दादा खूश झाला. दुसऱ्या दिवशी पेपरमिंटसुद्धा न खाता आला. श्वानपथक गप्प. तिसऱ्या दिवशी तो जिन्यातच झुरका मारून आत आला, तिच्यासमोर बसला आणि तिच्या तोंडावर श्वास सोडला.

ती वाचत होती. तिने पान उलटलं.

"ए," दादा म्हणाला. "ओरड ना."

"कशाला?"

दादाने खिशातलं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "तीन ओढल्या. ओरड की गं."

तिने पाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग दोघांनीही आत आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने दुसराच विषय काढला.

आईला रविवारी कळलं. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सत्राचा अहवाल लिहीत होती. 'गंधतीव्रतेत सातत्याने झालेली घट' असं त्यातल्या एका भागाचं नाव होतं. आईने दूध गॅसवर ठेवलं आणि ती आतल्या खोलीत मशीनवर जाऊन बसली. मशीनचा आवाज येत होता. मुलगी लिहीत होती. दूध वर आलं, उतू गेलं, ज्योतीवर सांडलं, आटलं, तळाला लागलं, जळलं. गॅस तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर होता. कागदावर अक्षरं धूसर दिसायला लागली तेव्हा तिने डोळे चोळले. मग मान वर केली, तर खोली धुराने भरली होती.

आई धावत आली, खोकत खोकत गॅस बंद केला, खिडकी उघडली, काळं ठिक्कर भांडं चिमट्याने उचलून मोरीत टाकलं. भांडं चरचरलं. मग वळून ती मुलीकडे बघत राहिली.

"अगं," ती म्हणाली, "तू इथेच तर बसली होतीस."

रागावून नाही. नुसतंच.

त्या दिवसापासून दूध ठेवलं की आई गॅसपाशी उभी राहायला लागली. पडदे वेळेवर देता येईनात.

सोमवारी मुलगी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. आता वर्ष गेलं तर गेलं, असं ठरवूनच गेली होती. "डॉक्टर, माझं नाक गेलंय. मला कशाचाच वास येत नाही. तुमच्या मंडळात कुणालाच येत नाही. म्हणून तो उंदीर सापडला नाही."

डॉक्टरांनी पंखा लावला आणि सिगरेट पेटवली. "गोंदाचा येतो?"

"नाही. कशाचाच नाही म्हटलं ना."

"मग वाद कुठे आहे?"

"मी पहिल्यांदा शून्य म्हणाले ना, ते खोटं होतं. तेव्हा मला पाच येत होता."

डॉक्टर गंभीर झाले. राख झटकली. "आणि आता शून्य येतो, ते खरं?"

"ते खरं."

"म्हणजे तू निष्कर्षाच्या थोडी आधी पोहोचलीस," डॉक्टर म्हणाले. "याला आमच्यात दूरदृष्टी म्हणतात." आणि त्यांनी ड्रॉवरमधून कॉलेजचा कागद काढून शेऱ्याच्या जागी 'उत्कृष्ट' लिहिलं. त्याखाली, जरा विचार करून, 'नाक विश्वासार्ह'.

शेवटच्या दिवशी मंडळाची बैठक झाली. पाळण्यांच्या एका मोठ्या कारखान्याला माल जायचा होता, त्याची बरणी उघडली. शून्यबाई शून्य म्हणाल्या. काका शून्य म्हणाले. ढवळ्या परत आला होता, जरा वाळला होता. तो शून्य म्हणाला. बरणी मुलीपुढे आली. तिने ती नाकाला लावली. डोळे कोरडे होते. खुर्ची जागची हलली नाही. तिने खोल श्वास घेतला, आणखी एकदा घेतला. पहिल्या दिवशीच्या पाचाइतकीच ती आज बरणीपुढे प्रामाणिक होती.

"शून्य," ती म्हणाली.

खाली अंगणात ट्रक उभा होता. डबे चढायला लागले.

ती पिशवी उचलून निघाली तेव्हा शून्यबाई दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात तोच रुमाल होता. "जाता जाता एवढं सांगून जा," त्या म्हणाल्या. "एकदाच. मग कोण सांगणार आहे मला?"

मुलीने टोपी घेतली, डोळे मिटले आणि ती नाकाशी धरली. लोकर नाकाला टोचली. तिच्यापलीकडे काही नव्हतं. मुलगी त्या रिकामपणात उभी राहिली, मग तिने आठवायला सुरुवात केली.

"दूध," ती म्हणाली. "थोडं आंबट. तेल. उन्हात वाळलेलं फडकं… आणि झोप."

डोळे उघडले तेव्हा शून्यबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी टोपी हळूच तिच्या हातातून घेतली, तिची कड उलटली. आत दोऱ्याला दुकानाचं लेबल लोंबत होतं.

"आज सकाळीच घेतली, अगदी तशीच," त्या म्हणाल्या. "जुनी त्याला होत नाही आता. म्हटलं, नव्या टोपीला कसला वास असतो ते तुला विचारावं."

"सर्दी आहे," मुलगी म्हणाली.

"हो," शून्यबाई म्हणाल्या. त्यांनी लेबल आत सारलं आणि टोपी पुन्हा तिच्या हातात दिली. त्यांचा हात तिच्या हातावर राहिला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "छान सांगतेस. परत एकदा सांग."

मुलीने टोपी नाकाशी धरली आणि परत एकदा सांगितलं.